पेशंटजवळ बसायला माणसं हवीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॅन्सरवरच्या नवीन उपचारांबद्दल, नवीन हॉस्पिटलांबद्दल आपल्या पेपरात बरंच छापून येतं आणि ते यायलाच हवं, पण ज्याला डॉक्टरांनी "आता घरी न्या आणि सेवा करा" असं सांगितलंय त्याच्या घरात पुढे काय चालतं यावर फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या वडिलांच्या वेळी आम्हालाही एवढंच सांगितलं होतं. वडील अडीच महिने रात्रभर कण्हत होते आणि आम्ही साधी तापाची गोळी देत बसलो होतो. दुखणं कमी करायचे डॉक्टर वेगळे असतात, त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, आपल्याच पुण्यात वारज्याला 1997 पासून सिप्लाचं सेंटर आहे आणि तिथे कॅन्सर पेशंटची मोफत काळजी घेतात, यातलं काहीच आम्हाला कोणी सांगितलं नाही. मुंबईत बांद्र्याला तर 1986 पासून शांती अवेदना सदन आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटची शेवटपर्यंत काळजी घेणारी जागा. त्या अडीच महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं.

बँकेतून रिटायर झाल्यावर मी याच कामाचं ट्रेनिंग घेतलं आणि आता चार वर्षं झाली, स्वयंसेविका म्हणून आठवड्यातून दोन पेशंटच्या घरी जाते. इंजेक्शन वगैरे काही आमचं काम नाही, ते नर्स बघते. आम्ही बसतो. ऐकायला सोपं वाटेल पण घरातल्या माणसाला दोन तास मोकळं करणं ही केवढी मोठी गोष्ट आहे ते बघितल्याशिवाय कळत नाही. एका घरी काकांना तोंडाचा कॅन्सर, नाकातून नळी, बोलणं बंद. मी गेले की काकू म्हणायच्या "ताई बसा जरा, मी आंघोळ करून येते". पहिल्या दिवशी पाऊण तासाने आल्या, केस ओले, म्हणाल्या "दोन महिन्यांनी आज डोक्यावरून पाणी घेतलं".

त्याच घरातली अजून एक गोष्ट सांगते. काकूंनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की ह्यांना आजाराचं काही सांगायचं नाही. आणि काकू बाथरूममध्ये गेल्या की काका पाटीवर मला लिहून विचारायचे "पासबुकाला हिचं नाव लागलंय का?" त्यांना सगळं माहीत होतं हो, फक्त बायकोला कळू द्यायचं नव्हतं की आपल्याला कळलंय. शेवटी आमच्या समुपदेशक बाई दोघांशी एकत्र बोलल्या, दोघं खूप रडले आणि दुसऱ्या दिवशी मी नॉमिनेशनचा फॉर्म नेऊन भरून घेतला. सही वाकडी आली पण बँकेने घेतली.

दुखण्याच्या गोळ्यांवरूनही घरोघरी भांडणं होतात. मॉर्फिन म्हणजे अफू, सवय लागेल, असं शेजारीपाजारी सांगतात आणि घरचे गोळी लपवून ठेवतात. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे हे औषध मिळणंच फार अवघड झालं होतं, 2014 मध्ये कायदा बदलला, तरी आजही कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही. डॉक्टरांनी दिलंय तर वेळेवर द्या, एवढं तरी लोकांना कळायला हवं.

केरळमध्ये 1993 ला कोझिकोडला काही डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअरचं काम सुरू केलं आणि पुढे गावोगावची साधी माणसं त्यात आली. 2008 ला तिथल्या सरकारने त्याचं धोरणच केलं, ग्रामपंचायती घरोघरी नर्स पाठवतात. आपल्याकडे माणसं कमी आहेत का? एकेका ढोल पथकात शेकड्याने मुलं असतात, प्रत्येक वॉर्डात ज्येष्ठ नागरिक संघ आहे. औषधं आणून देणं, रेशनच्या लाइनीत उभं राहणं, पेशंटच्या मुलांचा अभ्यास घेणं हे कोणीही करू शकतं. फक्त ट्रेनिंग घेऊन या, फोटो काढू नका आणि कुठल्या बाबाचं औषध सुचवू नका, बरे व्हाल असं खोटं तर अजिबात सांगू नका. आणि यायचं तर नेमाने या, कारण पेशंट वाट बघतो. आमच्याकडे उत्साहात दहा जण येतात, दोन महिन्यांत दोन उरतात.

माणूस गेल्यावरही काम संपत नाही. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, चौदाव्या दिवसापासून कोणी फिरकत नाही. त्या काकूंकडे मी अजून महिन्यातून एकदा जाते, त्या चहा टाकतात आणि अजूनही सवयीने गॅस बारीक ठेवतात, भांड्याचा आवाज नको म्हणून.

आपल्याला एकच विनंती आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी जागतिक हॉस्पिस दिन असतो तेव्हा एखादा लेख येतो, पण शहराच्या पुरवणीत महिन्यातून एकदा चौकट छापाल का, की कुठल्या भागात ही सेवा मिळते आणि कुठे स्वयंसेवक हवेत? माझ्या वडिलांच्या वेळी आमच्या घरी पेपर रोज येत होता.

आपली,
एक स्वयंसेविका, पुणे