नागाला मिशा

क्योतो,
श्रावण शुद्ध चतुर्थी

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर मी देवळातली हात धुवायची जागा दाखवत होते, तेव्हा तू मध्येच विचारलंस, "अगं, त्या नागाला मिशा कशा?" सगळे हसले आणि फोन बाबांकडे गेला. पण प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. आज भावाचा उपवास, चूल बंद, म्हणून निवांत लिहायला बसले आहे. (उपवास धरलाय हे दादाला सांगू नकोस, उगाच भाव खाईल.)

तर तो नाग नव्हे, इथला ड्रॅगन, त्याला जपानीत 'र्‍यू' म्हणतात. इंग्रजी सिनेमातला ड्रॅगन आग ओकतो, हा पाणी ओकतो. देवळात शिरण्याआधी हात आणि तोंड धुवायचं पाणी बऱ्याच ठिकाणी याच्याच तोंडातून येतं. नळाला तर जपानीत शब्दच 'जागुची' आहे, म्हणजे सापाचं तोंड. वावटळीला 'तात्सुमाकी', र्‍यूचं वेटोळं. आणि धबधब्याचं अक्षर लिहायचं तर डावीकडे पाणी काढायचं आणि उजवीकडे र्‍यू. जुन्या चिनी वर्णनात याचे अवयव नऊ प्राण्यांकडून जमवलेले आहेत, त्यातले काही असे: शिंगं हरणाची, डोकं उंटाचं, कान बैलाचे, खवले कार्प माशाचे, नख्या गरुडाच्या आणि मान सापाची. म्हणजे मानेपुरतं तुझं बरोबरच होतं. मिशा कुणाकडून आल्या ते त्यात नाही, पण कार्प माशालाही मिशा असतात. खवल्यांबरोबर त्याही आल्या असाव्यात, असं आपलं माझं मत.

आता खरी गोष्ट. माझ्या खोलीपासून सायकलवर पंधरा मिनिटांवर शिन्सेन-एन नावाचं तळं आहे. 794 मध्ये क्योतो राजधानी झाली तेव्हा हा राजाचा मोठा बगीचा होता. 1603 मध्ये शेजारी निजो किल्ला बांधताना बरीचशी जागा किल्ल्यात गेली. आता उरलंय ते आपल्या गावच्या देवळापुढच्या तळ्याएवढं. त्यावर लाल पूल, पुलापलीकडे झेन्न्यो र्‍युओ या पाण्याच्या देवतेचं छोटंसं देऊळ.

824 साली मोठा दुष्काळ पडला. राजाने कूकाई नावाच्या बौद्ध भिक्षूला पाऊस मागायला इथे बसवलं. कूकाई तोजी मंदिराचा, आणि त्याचा प्रतिस्पर्धी शुबिन साइजीचा. शुबिनने काय केलं, तर मंत्राच्या जोरावर जगातले सगळे र्‍यू धरून एका घागरीत कोंडले. कूकाईने कितीही आळवलं तरी थेंब पडेना. मग त्याने ध्यानात पाहिलं, तर एकच र्‍यू शुबिनच्या हाती लागला नव्हता. तो राहत होता हिंदुस्थानात, हिमालयातल्या अनवतप्त सरोवरात! त्याला बोलावलं, तो आला आणि पाऊस पडला. तो दिसला कसा, हे ऐक. जुन्या गोष्टीत आहे की तळ्यातून एक मोठा साप वर आला आणि त्याच्या डोक्यावर वीतभर लांबीचा सोनेरी साप बसलेला होता. मिशा नाहीत, शिंगं नाहीत.

अनवतप्त म्हणजे जे तापत नाही ते. इथल्या लोकांनी त्याचं भाषांतरही तसंच केलं, 'उष्णता नसलेलं तळं'. सध्या क्योतोत जे उकडतंय ते पाहता मलाही तिथलंच कुणी बोलवावंसं वाटतंय.

तू नागपंचमीला नवनागांची नावं म्हणतेस ना, तशी इथे आठ र्‍यू-राजांची यादी आहे. त्यात 'वाशुकित्सु' आणि 'तोकुशाका' अशी दोन नावं आली. दोनदा मोठ्याने म्हटली तेव्हा ट्यूब पेटली. वासुकी आणि तक्षक! बौद्ध ग्रंथ संस्कृतातून चिनीत नेताना 'नाग' या शब्दासाठी भाषांतरकारांनी चिनी र्‍यूचं अक्षर वापरलं, आणि आपले नागराजे तिकडचा वेष घालून समुद्रापार जपानपर्यंत पोचले. वाचनालयात एकटीच होते तरी खुदकन हसू आलं. परगावी बाजारात अचानक माहेरचं माणूस भेटावं तसं झालं.

आता हे ऐकून काका लगेच कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतील, "ड्रॅगनसुद्धा आपलाच!" त्यांना सांग, थांबा. चीनमध्ये पुयांग गावी शिंपल्यांनी मांडलेली अशी आकृती एका थडग्यात सापडली, ती सहा हजार वर्षांपूर्वीची धरतात. बुद्धाच्याही कितीतरी आधीची. त्यांचा र्‍यू त्यांचाच होता, आपले नाग नंतर येऊन त्याच्यात मिसळले. मला तर हेच जास्त आवडलं. दोन्हीकडच्या लोकांनी पाण्याकडे बघितलं आणि दोघांनाही काहीतरी लांब, वळणावळणाचं, डिवचू नये असं दिसलं.

तू आटपाडीची. बहात्तरच्या दुष्काळात गावाने महादेवाची पिंड पाण्यात कोंडली होती, पोरं लिंबाचा पाला बांधून दारोदार धोंडी मागत फिरली होती, हे तू सांगायचीस. चीनमध्ये याच्या उलट करायचे. र्‍यू-राजाची मूर्ती देवळातून उचलून उन्हात नेऊन ठेवायची, म्हणजे त्यालाही कळू दे. देवाशी भांडायची सोय सगळीकडे आहे म्हणायची.

पण सांगलीत सून म्हणून आलीस आणि तुझं सगळं उलटं झालं. तिकडे पावसासाठी नवस, इकडे कृष्णामाईला "आई, आता पुरे" म्हणत ओटी भरायची. त्याच्यासाठीही इथे एक माणूस आहे. सानेतोमो नावाचा शोगुन, म्हणजे सेनापती आणि राज्यकर्ताही, आणि वर कवी. 1211 मध्ये पूर आला तेव्हा त्याने पाच ओळींची कविता केली. पाऊस अति झाला की तेच लोकांचं दुःख होतं, आठही र्‍यू-राजांनो, पाऊस थांबवा, एवढंच तिच्यात आहे. मी ती वाचली आणि मला 2019 चा ऑगस्ट आठवला. माळ्यावर तू मांडीवर देवघर घेऊन बसली होतीस आणि खाली जिन्याच्या पाचव्या पायरीला पाणी लागलं होतं.

आणखी एक गंमत. इथली मोठी देवळं लाकडाची, त्यामुळे आगीचं भय फार. म्हणून प्रवचनाच्या दालनात छतावर भला मोठा र्‍यू रंगवून ठेवतात. पाण्याचा मालक डोक्यावर असला की आग लागायची नाही, अशी श्रद्धा. शोकोकुजी मंदिरातला कानो मित्सुनोबूने रंगवलेला 1605 च्या सुमाराचा र्‍यू मी वसंतात पाहिला. त्याच्याखाली नेमक्या जागी उभं राहून टाळी वाजवली की वरून गुरगुर ऐकू येते. माझी टाळी दोनदा फुकट गेली. शेजारच्या एका आजीबाईंनी माझा दंड धरून मला दोन पावलं सरकवलं, मग आला आवाज. अगदी तुझ्यासारख्या, न विचारता दंड धरणाऱ्या.

उद्या पंचमी. इथे वारूळ नाही, लाह्यांऐवजी मक्याच्या लाह्या आहेत, आणि चिरायचं नाही म्हणून भाजी आजच कापून ठेवली आहे. पुरणाची दिंडं करून बघणार आहे, पुरण सैल झालं तर तुझ्या नावाने खडे फोडणार नाही. सकाळी शिन्सेन-एनला जाईन. तो लाल पूल ओलांडताना मनात एकच इच्छा धरायची असते, दोन चालत नाहीत. काय मागायचं ते ठरलेलं नाही. धरणातून पाणी सोडलंय असं दादा म्हणाला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी किती फूट आहे ते बाबांना आज रात्रीच कळवायला सांग, त्यावर ठरवीन.

पाटावर नाग काढशील त्याचा फोटो पाठव.

तुझी,
सोनू