इयत्ता नको, तास बदल

दादर, मुंबई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या शाळेतल्या तिसरीच्या त्या मुलीला आत्ताच, चौथी गाळून, थेट पाचवीत बसवायचं तुझ्या मनात आहे. तिची हुशारी वाया जाऊ नये ही तुझी तळमळ कळते, पण एवढं करू नकोस. नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी शाळांची प्रवेश परीक्षा पाचवीत असते आणि त्यांच्या नियमानुसार तिसरी, चौथी, पाचवी ही प्रत्येक इयत्ता पूर्ण वर्षभर शिकलेली लागते. ग्रामीण कोट्यासाठी तर तिन्ही वर्षं ग्रामीण शाळेतच गेलेली हवीत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. चौथी गाळलीस की तिची ती संधी गेलीच.

शिवाय तिचा भाऊ पाचवीत आहे. मूल एक इयत्ता पुढे न्यावं का, हे ठरवायला अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी जे निकष बनवले, त्यांत ज्या वर्गात न्यायचं त्याच वर्गात भावंड असेल तर नेऊ नये असं स्पष्ट आहे. मुलाचीच इच्छा नसेल तरी नाही. तिला कुणी विचारलंय का?

हजेरीपटावर ती तिसरीतच राहू दे. गणिताच्या तासाला मात्र चौथीत बसव. दोनशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकाच खोलीत असतात, त्यामुळे तिला फक्त रांग बदलायची आहे. भाऊ सहावीला गेला की पुढच्या वर्षी गणितापुरती पाचवीत. दोन्ही इयत्तांचं गणित एकाच वेळी ठेव, नाहीतर तिची मराठी किंवा परिसर अभ्यास बुडतो आणि पालक तक्रार घेऊन येतात.

आधी तिला चौथीचा गेल्या वर्षीचा वार्षिक पेपर दे, कसलीही तयारी न करून घेता. माझ्या मते ८० टक्क्यांच्या वर गेली तर चौथीचं पुस्तकही तिला पुरणार नाही; मग प्रत्येक धड्याआधी त्याचा उदाहरणसंग्रह सोडवून घे आणि अडेल तेवढंच शिकव. शाब्दिक उदाहरणं मोठ्याने वाचून दाखव. अशा मुलांना बरेचदा गणित अडत नाही, वाक्य अडतं. लिहायचा वेग कमी असेल तर तोंडी उत्तर घे.

खरी गडबड अपूर्णांकांत होते. चटकन नियम पकडणारं मूल १/२ + १/३ = २/५ असं बिनधास्त लिहितं, वर वर आणि खाली खाली मिळवून. लाल फुली मारून पुढे जाऊ नकोस. कागदाची पट्टी घडी घालून ६ सारखे भाग करायला सांग. अर्धी म्हणजे ३ भाग, एक तृतीयांश म्हणजे २. एकूण ५/६. मग विचार, २/५ तर अर्ध्याहूनही कमी, बेरीज कमी कशी झाली? हा प्रश्न तिला पडला की छेद सारखे का करायचे हे सांगावं लागत नाही.

दीड महिना करून बघ. पुढच्या इयत्तांची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. सहावीत गेली की मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे, मराठी माध्यमातूनही देता येते. पण तुमच्याकडचे वर्ग संपले की तिला गणित कोण शिकवणार, हे आत्ताच हायस्कूलच्या सरांशी बोलून ठेव. वर पाठवलेली मुलं इथेच अडकतात. नव्या शाळेत पुन्हा तेच धडे आणि दोन वर्षं नुसतं बसणं.

चौथीचा पेपर झाला की उत्तरपत्रिकेचे फोटो पाठव. गुण नकोत, तिने केलेल्या पायऱ्या दिसू देत.

तुझाच मित्र