लेकीशी बोलते करणारी अजिंठ्याची चित्रे

महोदय,

नोकरीनिमित्त पुण्यात राहणारी माझी मुलगी सुट्टीत जालन्याला आली, की आम्हा बापलेकीचे बोलणे जेवण आणि तब्येत यांपलीकडे जात नसे. मात्र गेल्या दिवाळीत आम्ही दोघे अजिंठ्याला गेलो आणि १ क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणीच्या, म्हणजे हाती कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर, डोळे अंधाराला सरावेपर्यंत, शेजारी शेजारी उभे राहिलो. त्याच्या झुकलेल्या पापण्यांची रेषा तिने हवेत बोटाने काढून दाखवली. मी तिला, जिथे रंग उडाला आहे तिथला, मातीत तूस कालवून केलेला गिलावा दाखवला, कारण लिंपणाची ती रीत आमच्या गावाकडच्या घरामुळे माझ्या ओळखीची होती. परतीच्या वाटेवर ती सिल्लोडपर्यंत अखंड बोलत होती. (इतके ती शाळेत असतानाही बोलली नव्हती.) आता दर रविवारी ती एक रेखाटन पाठवते आणि मी माझे पाठवतो.

अजिंठा आणि वेरूळ १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, पण मराठवाड्यातल्याच औंढा नागनाथ, होट्टल येथील मंदिरांवरची शिल्पे आपल्याच घरांत अनोळखी आहेत. आपल्या रविवार पुरवणीत त्यांच्यावर सोप्या मराठीत, मोठ्या छायाचित्रांसह नियमित सदर सुरू करावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, जालना