रविवारच्या राकू भट्टीची सूचना

भाऊ-ताई, रविवारी राकूसाठी (मातीचं भांडं लाल तापवून सरळ कुटारात, म्हणजे कोरड्या भुशात, टाकायची पद्धत) ड्रमची उचलून नेता येणारी भट्टी बनवणार आहोत, जुना २०० लिटरचा लोखंडी ड्रम, आतून सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट (उष्णता अडवणारा लोकरीसारखा जाड थर), खाली गॅस बर्नरले एक भोक अन् झाकणाले एक, बस, विटांच्या भट्टीपेक्षा लय स्वस्त. पेट्रोल-डिझेलचा ड्रम कोणी आणू नका, कापताना आतल्या वाफेनं स्फोट होऊ शकते. जस्ताचा पत्राही नको, तापला की विषारी धूर निघते. ब्लँकेट कापताना मास्क लावाच, ती धूळ फुफ्फुसात जाते.

भांडे एकदा भाजलेलेच आणजा, कच्चे फुटतील. साधारण ९५० अंशाले लाल झालेलं भांडं चिमट्यानं सरळ कुटाराच्या डब्यात जाते अन् भडका उठते, म्हणून सुती कपडे, बूट पायजेच, टेरिकॉट बिलकूल नको. कुटार मात्र कोरडं आणजा.