कुंडी पालथी करायला लावणाऱ्या काकांना

प्रिय काका,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू दे, पाणी किती घालतेस ते सांग" म्हणून विषय फिरवता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. इथे तुम्हाला मध्येच बोलता येणार नाही.

मंगळवारी सिप्रिपेडियम, म्हणजे मातीत वाढणारं माझं ऑर्किड, उमललं. एकच फूल, पण त्याची थैलीसारखी पिवळी पाकळी चांगली टपोरी, आणि दोन्ही बाजूंच्या पाकळ्यांना मिशीसारखा पीळ. ही बातमी तुम्हाला त्याच दिवशी कळवली होती. अडीच वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळबद्दल मात्र मी कधीच काही बोलले नाही. आज बोलते.

तेव्हा मी हौसेने सिप्रिपेडियमचंच एक स्वस्तातलं रोप मागवलं होतं. ऑर्किड म्हणजे झाडाच्या फांदीवर नाहीतर टांगलेल्या टोपलीत, एवढंच मला ठाऊक. मातीत वाढणारी, हिवाळ्यात पानं टाकून जमिनीखाली झोपणारी ऑर्किड असते हेच नवल वाटलं होतं. खोल कुंडी घेतली, गांडूळखत घालून काळीभोर माती भरली, रोज पाणी. शरद ऋतूत पानं पिवळी पडायला लागली तशी मी घाबरले आणि खताचा डोस वाढवला. रोप झोपायला निघालं होतं आणि मी त्याला जेवायला उठवत होते!

तुम्हाला फोन केला तेव्हा वाटलं होतं, एखादं औषध सांगाल. तुम्ही म्हणालात, "वर्तमानपत्र अंथर आणि कुंडी पालथी कर. मी फोन धरून बसतो." मुळं तपकिरी, बुळबुळीत. चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून यायची आणि हातात नुसता दोरा राहायचा. घट्ट मूळ एकही नव्हतं. "मेलंय," तुम्ही म्हणालात. पुढे गोड काही नाही. त्या एका शब्दाबद्दल पहिले आभार. बाकी सगळे मला "थांब, येईल कोंब" असंच सांगत होते.

मग तुम्ही विचारलंत, मुळांची टोकं कशी आहेत? पाहिलं तर सगळी फावड्याने तोडल्यासारखी आखूड. तेव्हा तुम्ही मला हिशोब घातलात. ऑर्किडचं बी धुळीएवढं, त्यात अन्नाचा साठा नाही. रानात त्याला विशिष्ट बुरशीची सोबत मिळाली तरच ते रुजतं. 1922 मध्ये लुईस नुडसन यांनी साखर घातलेल्या माध्यमावर बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं, म्हणून आज प्रयोगशाळेत रोपं होतात. पण सिप्रिपेडियमला तिथून फुलावर यायला कित्येक वर्षं लागतात. "इतकी वर्षं सांभाळलेलं रोप कोणी एवढ्या स्वस्तात देईल का गं?" म्हणजे ते रानातून उपटलेलं होतं. ब्रिटनमध्ये अशीच खणून नेता नेता पिवळ्या सिप्रिपेडियमचं रानातलं एकच ज्ञात रोप उरलं होतं, हेही तुम्ही तेव्हाच सांगितलंत. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण त्यानंतर मी रोप घेण्याआधी पहिला प्रश्न विचारते तो हाच: हे बियाण्यापासून केलेलं आहे की खणलेलं?

तुम्ही मला लगेच दुसरं सिप्रिपेडियम दिलं नाहीत, तेही बरं केलंत. आधी ब्लेटिला या मातीतल्याच दुसऱ्या ऑर्किडचे तीन कंद हातावर ठेवलेत. "हा चुका पोटात घालतो." घातल्या! एकदा आठवडाभर पाणी विसरले, एकदा कुंडी पावसात राहिली, तरी घड्या पडलेली लांब पानं आली आणि जांभळट गुलाबी फुलंही. डॅक्टिलोरायझा या आणखी एका मातीतल्या ऑर्किडची ओळखही तुमच्याचकडे झाली. बोटं फुटलेला पंज्यासारखा पांढरा कंद, आणि त्याला चिकटलेला सुरकुतलेला काळा. मी तो काळा रोगट समजून कापायला निघाले होते. तुम्ही हात धरलात: जुना कंद आपलं सगळं नव्याला देऊन दरवर्षी असाच जातो. (ऑर्किड हे नाव ग्रीकमधल्या कुठल्या शब्दावरून पडलं ते मात्र काकू समोर होत्या म्हणून तुम्ही सांगितलं नाहीत. दोन गोल गड्डे जोडीने असतात एवढं म्हणून खोकलात. मी घरी जाऊन शोधलं, काका.)

मग तुमच्या संकरित सिप्रिपेडियमची फूट आली. शुद्ध जातीचाच माझा हट्ट होता; कुंडीत संकरितच जास्त दमदार, असं तुम्ही म्हणालात आणि ते पटलं. कुंडी पसरट, कारण मुळं आडवी पसरतात. कोळ्याच्या पायांसारखी ती चहूकडे मांडायची, आणि कोंबाचं टोक जेमतेम झाकेल एवढाच थर वर. मिश्रण बघून मी हसले होते: जवळजवळ सगळं परलाइट आणि प्युमिसचे हलके, सच्छिद्र खडे, मूठभर सालीचा चुरा. "यात खाणार काय?" "आधी श्वास घेऊ दे. खायला पाव डोस खत, तेही पानं हिरवी असेपर्यंत." वाढीच्या दिवसांत कोरडं पडू द्यायचं नाही, पाणी शक्यतो पावसाचं, आणि ती कुंडी दुसऱ्या मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळू, म्हणजे उन्हात मुळं भाजत नाहीत. या वाळूची मला सगळ्यात गंमत वाटते. एवढी साधी गोष्ट, पण उन्हाळ्यात आतली कुंडी हाताला गार लागते.

आणि फ्रिज! थंडी पुरेशी नसेल तर कोंब नीट उठत नाही, म्हणून पाच अंशांच्या खाली तीन महिने. आतली कुंडी पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात गेली. घरात यावर झालेली भांडणं लिहीत नाही. फळं शेजारी ठेवायची नाहीत, कारण पिकताना ती जो वायू सोडतात तो कळ्यांना बाधतो. त्यामुळे सफरचंदांना बेघर व्हावं लागलं. तुम्ही सांगितलं होतं, उकरून बघायचं नाही. पहिल्या हिवाळ्यात मी दोनदा उकरलं. आज कबूल करते. दुसऱ्या वेळी नखाएवढा फिकट कोंब दिसला आणि तो मोडेल या भीतीने हात थरथरला. पुन्हा नाही उकरलं.

त्या वर्षी नुसती पानं आली. यंदा फूल.

काल दुपारी एक लहानशी माशी थैलीत उतरली. आत मध नाहीच, सगळी फसवणूक. आल्या वाटेने तिला वर चढता येईना. बराच वेळ आत खुडबुड चालली होती, मग मागच्या अरुंद फटीतून अंग घासत बाहेर आली, पाठीवर पिवळा लगदा घेऊन. तुम्ही हे वर्णन केलं होतं तेव्हा मला थोडं तिखटमीठ लावल्यासारखं वाटलं होतं. माफ करा.

बुंध्याशी यंदा तीन कोंब मोजले. वाटणी करून एक तुम्हाला द्यावा असं मनात आहे, पण तुम्ही म्हणाल, तीनवर सुरी लावू नकोस. बरं. पाच-सहा होऊ देत. तेव्हा वर्तमानपत्र मी आणते, कुंडी तुमच्याच ओट्यावर पालथी करू.

तुमची,
दोनदा उकरणारी