मोठ्या बाई, तुमचे आभार

आदरणीय मोठ्या बाई,
सादर नमस्कार.

तुम्ही आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होताय. तुमचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे उघड पत्र.

आमचा ओम स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. त्याच्या पहिलीच्या प्रवेशासाठी आम्ही सांगली-मिरजेतल्या शाळांचे उंबरे झिजवले. एका नावाजलेल्या शाळेत अर्जावर 'स्वमग्न' हा शब्द दिसला आणि जागा एकदम भरल्या. दुसऱ्या शाळेत ओमसमोरच आम्हाला विचारलं, "बाकीचे पालक काय म्हणतील?" मान्यताप्राप्त शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यावा, असं 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सांगतो. त्या मंडळींना हे ठाऊक नव्हतं, यावर माझा विश्वास नाही. माझा राग अजून गेलेला नाही.

शेवटी आपल्या गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत आलो. तुम्ही कागद बाजूला सारून एवढंच विचारलंत, "त्याला त्रास कशाचा होतो?" मी म्हणाले, "मोठ्या आवाजाचा."

शाळेला शिपाई नाही, सातवीची मुलंच घंटा देतात. दुसऱ्या दिवसापासून टोल पडायच्या आधी तुम्ही ऑफिसातून उठून पहिलीच्या खिडकीशी यायचात आणि हात वर करायचात. ओम कान झाकायचा. त्यानं कान झाकले की मगच तुम्ही घंटेजवळच्या मुलाला खूण करायचात. शाळा भरताना, मधल्या सुट्टीला, सुटताना, दरवेळी. केंद्रप्रमुखांसारखे वरिष्ठ अधिकारी समोर बसलेले असतानासुद्धा तुम्ही उठून आलात, हे मला वर्गाच्या बाईंनी सांगितलं. पुढे पुढे वर्गातली पोरंच "ओम, घंटा!" म्हणून त्याला सावध करायला लागली. ओम आता पाचवीत आहे. अजूनही कान झाकतो, पण त्याला कुणी हसत नाही.

तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना तुम्ही हक्कानं बोलावून घेतलंत, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मदत केलीत. त्याबद्दल लिहीत बसत नाही. पण तुम्ही जत तालुक्यात नोकरीला लागलात, तेव्हा अशा लेकरांना सरळ 'वेडसर' म्हणत. अपंगांसाठीच्या 1995 च्या कायद्यातल्या अपंगत्वाच्या सात प्रकारांत स्वमग्नतेचं नावसुद्धा नव्हतं. ते आलं 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत. तुम्ही मात्र नोकरीच्या सुरुवातीपासूनच अशा मुलांना पहिल्या बाकावर, स्वतःच्या नजरेसमोर बसवत आलात, हे तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं आणि मला भरून आलं.

तुमच्या वागण्याची लागण गावाला झाली, बाई. गेल्या गणपतीत मिरवणूक आमच्या गल्लीत शिरली तेव्हा मंडळाच्या पोरांनी ढोल बंद केले आणि आमचं घर ओलांडल्यावरच पुन्हा सुरू केले. मी कुणालाही सांगायला गेले नव्हते. माणसं मुळात वाईट नसतात, कुणीतरी आधी तसं वागून दाखवावं लागतं. आमच्या गावात ते तुम्ही दाखवलंत.

नव्या मुख्याध्यापकांना चार्ज देताना तुम्ही विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलासाठी एकेक पान लिहून ठेवलंत, असं कळलं. कुणाला काय टोचतं, कोण कशानं शांत होतं, ते सगळं. ओमच्या पानावर पहिली ओळ घंटेचीच आहे म्हणे.

मनापासून आभार, बाई.

तुमची,
ओमची आई