6 लाख भरलेस तर ते गाडीचे की तुझे?

सॅन होजे, 26 ऑक्टोबर 2025

प्रिय मंदार,

दिवाळीच्या फोनवर तू विचारलंस की टेस्लाची मॉडेल वाय बुक करताना फुल सेल्फ ड्रायव्हिंगचा (एफएसडी, म्हणजे गाडी स्वतः चालवणारं सॉफ्टवेअर) ऑप्शन पण घेऊन टाकू का, आणि मी पटकन नको म्हणालो, पण का नको ते धड बोलता आलं नाही, तुमच्याकडे फटाके चालू होते आणि मला मुलीला क्लासला सोडायचं होतं. म्हणून आता सविस्तर लिहितोय. गाडी घेऊ नकोस असं माझं म्हणणं नाहीये हं, गाडी चांगली आहे, तुला परवडतेय, घे. माझा वाद फक्त त्या वरच्या 6 लाखांशी आहे.

जुलैमध्ये मुंबईत बीकेसीत टेस्लाचं शोरूम उघडलं तेव्हा मॉडेल वायची किंमत 59.89 लाखांपासून सुरू झाली आणि एफएसडीचे वर 6 लाख. आज भारतात एफएसडी चालत नाही. म्हणजे पैसे तू आज द्यायचे आणि वस्तू मिळणार कधी, तर आपल्या रस्त्यांसाठी सॉफ्टवेअर तयार होईल आणि सरकार परवानगी देईल तेव्हा. तोपर्यंत तू गाडी बदललीस, किंवा देव न करो पण एखाद्या पावसाळ्यात पाण्यात जाऊन ती टोटल लॉस झाली, तर ते 6 लाख गाडीबरोबर गेले. पुढची गाडी त्याच कंपनीची घेतलीस तरी परत पहिल्यापासून भरा. हे मला मुळातच चूक वाटतं.

इकडे हे कसं घडलंय ते सांगतो म्हणजे तुला अंदाज येईल. ऑक्टोबर 2016 मध्ये टेस्लाने जाहीर केलं की यापुढे बनणाऱ्या सगळ्या गाड्यांत स्वतः चालायला लागणारं सगळं हार्डवेअर असेल. तेव्हा एन्हान्स्ड ऑटोपायलटचे (ड्रायव्हरला मदत करणारं, एफएसडीच्या खालचं पॅकेज) 5,000 डॉलर आणि त्याच्यावर एफएसडीचे 3,000. लोकांनी भरले. मग किंमत चढत गेली, 2020 च्या शेवटी 10,000, जानेवारी 2022 ला 12,000, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 15,000, आणि मधल्या काळात टेस्लाचा प्रमुख इलॉन मस्क सतत सांगत होता की किंमत अजून वाढणारे, आत्ताच घेऊन ठेवा. एप्रिल 2024 मध्ये ती आली 8,000 वर, आणि महिन्याला 99 डॉलर भरून वापरायची सोय पण झाली. आजही त्या सॉफ्टवेअरच्या नावापुढे ‘सुपरवाइज्ड’ लिहिलेलं असतं, म्हणजे गाडी वळते, सिग्नलला थांबते, लेन बदलते, पण जबाबदारी ड्रायव्हरची आणि नजर रस्त्यावरच हवी. मी मित्राच्या गाडीत बसलोय, काम खरंच थक्क करणारं आहे, ते नाकारत नाही. पण 2016 ला ज्याने पैसे भरले त्याला जे सांगितलं होतं ते हे नाही, आणि त्याची गाडी आता नऊ वर्षांची झाली, नाहीतर विकून पण टाकली असेल.

हार्डवेअरचं पण तेच. 2016 चा कॉम्प्युटर पुरला नाही म्हणून 2019 ला नवा आला, तो एफएसडी घेतलेल्यांना फुकट बदलून दिला, हे कंपनीने चांगलं केलं. मग 2023 ला त्याच्यापुढचा आला, आणि जानेवारी 2025 मध्ये मस्कने स्वतः मान्य केलं की 2019 वाला कॉम्प्युटर ज्यांच्याकडे आहे आणि ज्यांनी एफएसडी विकत घेतलंय त्यांचा तो बदलून द्यावा लागेल. म्हणजे आपण आगाऊ पैसे भरतो एका वचनाचे, आणि ते वचन ह्या गाडीत पुरं होईल की नाही हे विकणाऱ्यालाही तेव्हा माहीत नसतं. मग ते वचन त्या एका चेसिस नंबरला का बांधायचं? पैसे तर माणसाने दिलेत.

आता ट्रान्सफरचं ऐक, हा भाग मला सगळ्यात जास्त खटकतो. लोक कित्येक वर्षं मागत होते की नवीन गाडी घेताना जुनीवरचं एफएसडी उचलून नव्यावर द्या, उत्तर नाहीच. जुलै 2023 मध्ये तिमाही निकालांच्या कॉलवर मस्कने अचानक सांगितलं की देतो, पण एकदाच, आणि फक्त त्या तिमाहीत नवी गाडी घेणाऱ्यांना. लोकांनी धावपळ करून गाड्या घेतल्या, काहींनी गरज नसताना घेतल्या असणार. आणि मग 2024 मध्ये तीच ऑफर परत आली, मग पुन्हा आली. म्हणजे तांत्रिक अडचण काहीच नव्हती, जुन्या गाडीवरून काढायचं आणि नव्यावर चालू करायचं, ते सर्व्हरवरून होतं. विक्री कमी पडली की दार उघडायचं आणि भरली की बंद करायचं. जी गोष्ट माणसाने पूर्ण पैसे देऊन घेतलीय ती त्याला सेलमधल्या डिस्काउंटसारखी तारीख बघून मिळणार, याला माझं मन अजिबात तयार होत नाही.

बरं, कंपनी म्हणते ते गाडीचं आहे, ठीक, मग ते गाडीचं तरी राहतं का? 2020 च्या सुरुवातीला इथे एक केस गाजली होती. एका डीलरने टेस्लाकडूनच लिलावात एक जुनी मॉडेल एस घेतली, तिच्या स्टिकरवर एन्हान्स्ड ऑटोपायलट आणि एफएसडी दोन्ही होतं, 8,000 डॉलरचं, त्याने ती त्याच फीचर्ससकट गिऱ्हाईकाला विकली आणि नंतर कळलं की टेस्लाने लांबूनच ते काढून टाकलंय. बातम्या आल्या, बोंब झाली, मग परत दिलं. म्हणजे मालकाने मागितलं की ते गाडीचं, आणि गाडी दुसऱ्याच्या हातात गेली की तपासून बघू. दोन्हीपैकी एक काय ते ठरवा ना.

तू म्हणशील आपल्याकडे तरी असं कुठे काय माणसाच्या नावाने पुढच्या गाडीवर जातं. जातं की! तुझी आत्ताची गाडी विकशील तेव्हा तुझा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, कुठे जाणारे? गाडी घेणाऱ्याला एक पैसा मिळत नाही, तो तुझा आहे, विमा कंपनीकडून पत्र घ्यायचं आणि नव्या गाडीच्या पॉलिसीला लावायचा, ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, प्रीमियम 50 टक्क्यांपर्यंत कमी होतो, आणि लगेच गाडी घेतली नाहीस तरी तीन वर्षं तो हक्क राहतो. कोणी म्हणत नाही की तिमाही संपायच्या आत या. साधा नियम आहे, गाडी गेली पण कमावलेलं माणसाकडे राहिलं, आणि सबंध देशात तो बिनबोभाट चालतो. मग भरलेल्या पैशाला तेवढाही मान का नसावा?

युरोपात तर 2012 सालीच तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीच्या खटल्यात, सांगितलं की कायमस्वरूपी लायसन्स एकदा पैसे घेऊन विकलं की ते पुढे विकायला कंपनी अडवू शकत नाही, फक्त विकणाऱ्याने स्वतःकडची कॉपी बंद केली पाहिजे. तो खटला गाड्यांचा नव्हता, पण एक लायसन्स एका वेळी एका जागी हे तत्त्व गाडीलाही बसतं. जुन्या गाडीवरून एफएसडी काढलं की ती तेवढी स्वस्त विकली जाईल, घेणाऱ्याला आधी स्पष्ट सांगायचं, त्याचं काहीच नुकसान नाही.

सगळंच ट्रान्सफर व्हावं असं मात्र मला वाटत नाही. मॉडेल 3 ला 2,000 डॉलरमध्ये जास्त पिकअपचं अपग्रेड मिळायचं, ते त्या मोटरचं आहे, ते त्या गाडीतच राहावं आणि पुढच्या मालकाला मिळावं. 2016 च्या मॉडेल एस 60 मध्ये बॅटरी 75 किलोवॅट-अवरची होती आणि 60 च्या वर वापरता येऊ नये म्हणून सॉफ्टवेअरने कुलूप लावलेलं, सप्टेंबर 2017 ला फ्लोरिडात इर्मा वादळ आलं तेव्हा लोकांना बाहेर पडता यावं म्हणून ते कुलूप काही दिवस लांबूनच उघडलं होतं. केलं ते माणुसकीचंच होतं, पण ती बॅटरी त्याच गाडीच्या पोटात आहे, तिचे पैसे भरले तर ते त्याच गाडीला लागू. बीएमडब्ल्यूने सीट गरम करायचे महिन्याला पैसे मागून बघितले आणि 2023 ला तो नाद सोडला, लोक चिडले कारण हीटर तर आधीच बसवलेला होता. म्हणून माझा हिशोब असा की जे हार्डवेअरला चिकटलेलं आहे ते गाडीचं, आणि जे निव्वळ सॉफ्टवेअर आहे, त्यातही जे अजून पूर्ण द्यायचंच बाकी आहे, ते पैसे देणाऱ्याचं. टेस्लाच्या स्वतःच्या ताळेबंदात एफएसडीच्या पैशातला काही भाग डिफर्ड रेव्हेन्यू म्हणून दाखवतात, म्हणजे पैसे आलेत पण काम द्यायचं राहिलंय. वहीत देणं लिहिलंय तर ते कोणाचं देणं आहे? बंपरचं नाही ना.

माझ्या आधीच्या गाडीचं तुला बोललो नव्हतो. कंपनीचं नाव राहू दे. नकाशे आणि फोनवरून गाडी चालू करायची सेवा मी काही वर्षांची आगाऊ भरली होती, मध्येच गाडी विकली, नवीन मालकाला परत पैसे भरायला लावले आणि मला उरलेल्या मुदतीचं काही मिळालं नाही. रक्कम लहान होती, पण 6 लाखांना हीच गोष्ट झाली तर तुझी झोप उडेल.

तेव्हा शोरूममध्ये जाशील तेव्हा तीन गोष्टी ईमेलवर विचार, तोंडी नको. पुढच्या टेस्लावर एफएसडी नेता येईल का आणि त्याला तारखेची अट आहे का. गाडी टोटल लॉस झाली तर काय. आणि तू गाडी विकेपर्यंत भारतात ते चालू झालंच नाही तर पैसे परत का. तिन्हींना लेखी हो आलं तर मी शब्द मागे घेईन, खुशाल घे. नाहीतर एफएसडीच्या ऑप्शनवर खूण न करता गाडी बुक कर, डिलिव्हरीनंतर ॲपमधून पण घेता येतं, भारतात खरंच चालू झाल्यावर तेव्हाची किंमत बघून ठरव. उत्तर आलं की मला पाठव, इथल्या आपल्या मराठी ग्रुपमधल्या दोघातिघांना पण वाचायचंय.

काकूंना नमस्कार सांग, वहिनींना फराळाच्या फोटोंबद्दल थँक्यू.

तुझा,
अभय